उचलून न घेतलेली पोर

गुरुवारी दुपारी चार वाजता अम्मानमधल्या एका जिन्यात तीन वर्षांची जानसेत पडली, आणि तिचा बाप इनाल जागचा हलला नाही. तो दोन पावलांवर उभा होता, शेजारी त्याचे म्हातारे वडील. पोर रडत होती. शेवटी वरच्या मजल्यावरच्या नुहादनं तिला कडेवर घेतलं.

नुहादच्या रीमाला इनालच्या धाकट्या भावाचं स्थळ आलं होतं. संध्याकाळी उत्तर द्यायचं होतं.

"दगड आहेत गं हे!" घरात येऊन नुहाद लेकीला म्हणाली. "उद्या तुझं पोर पडलं म्हणजे?"

"आई, सर्केशियन आहेत ते, आपल्यासारखे अरब नाहीत. वडिलांसमोर स्वतःच्या लेकराला जवळ घेणं त्यांच्यात निर्लज्जपणा."

"आणि रडू देणं म्हणजे संस्कार?"

"मला काय विचारतेस? इतकी वर्षं शेजारी राहतेस, त्यांना कधी विचारलंस?"

नुहाद तडक खाली गेली. जानसेत आजोबांच्या मांडीवर खजूर खात होती. त्यांना सगळे थोरल्या मुलाच्या नावानं अबू इनाल, म्हणजे इनालचे वडील, म्हणत.

"अबू इनाल, राग मानू नका, पण त्याला नाही तर तुम्हाला तरी उचलता आलं असतं."

"गुडघे वाकत नाहीत, उम्म रीमा. म्हणून मी पाठ फिरवली. मी पाठ फिरवली की त्यानं उचलायचं. तेवढ्यात तुम्ही धावत आलात."

म्हाताऱ्यानं खरंच पाठ फिरवली होती? नुहादला आठवेना. ती सारा वेळ इनालकडेच बघत होती.

सात वाजले तरी खाली होकारही गेला नव्हता आणि नकारही.