ठोंब्यांचा क्लब

"पोलिस आले की आपण कोण?" डिनेओबाई विचारायच्या.

"ठोंबे!" पोरं एका सुरात ओरडायची.

"आणि तोंड?"

"उघडं!" लगेच सगळी आ वासून बसायची. माझी लेक पुलेंग तर अशी बावळट दिसायची, की गोऱ्यांचे कपडे धुता धुता मी पोट धरून हसायचे.

हसू नको तर काय करू? गोऱ्यांच्या सरकारने आमच्या काळ्या पोरांसाठी नवा अभ्यास काढला होता, गोऱ्यांच्या घरची झाडलोट करण्यापुरता. "मी हे शिकवणार नाही," एवढंच म्हणून डिनेओबाईंनी सरकारी शाळेतली नोकरी सोडली. आम्ही जर्मिस्टनच्या वस्तीतल्या आयांनीही पोरं काढून घेतली. पण परवान्याशिवाय शाळा भरवणं गुन्हा, म्हणून आमचा हा क्लब. फळा नाही, खडू नाही, पुस्तक नाही. मातीत बोटाने अक्षर काढायचं आणि पायाने पुसायचं. कुणी विचारलंच, तर खेळ चाललाय. त्या मातीवर बाईंनी वर्षभरात पोरांना इंग्रजी वाचायला शिकवलं. असली बाई मी जन्मात पाहिली नाही!

एका मंगळवारी पोलिसांची गाडी खरंच आली. गोरा सार्जंट उतरला, मागोमाग आमच्याच वस्तीतला शिपाई सेलो. पोरांनी पटापट माती पुसली आणि आ वासला.

सार्जंटने आपल्या पावाभोवती गुंडाळलेला इंग्रजी वर्तमानपत्राचा कागद सोडला आणि पोरांमधल्या मोलेफीपुढे धरला.

"साहेब म्हणतात, वाच," सेलो म्हणाला.

"काय वाचू, काका?" मोलेफीने कागद उलटा धरला. दुसऱ्याने नुसतं डोकं खाजवलं. तिसऱ्याने कागद चाटून पाहिला. सार्जंट खो खो हसत सुटला आणि इंग्रजीत म्हणाला,

"चल रे सेलो. या माकडांना कोण कशाला शिकवेल? यांच्या डोक्यात काही शिरायचंच नाही."

तो वळलाही. सुटलो एकदाचे, असं मी मनात म्हटलं. पण धाकटी पोरं त्याच्याबरोबर हसत होती आणि पुलेंगने मान खाली घातली होती. बाई त्यांच्याकडेच बघत होत्या.

"पुलेंग, ऊठ. तो कागद वाच."

"पण बाई, आपण तर ठोंबे..."

"नाही आहोत. वाच."

 पोर उठली. आधी अडखळली, मग बूटपॉलिशची अख्खी जाहिरात तिने घडाघडा वाचून काढली. खोटं कशाला बोलू, भीतीने जीव चालला होता आणि अभिमानाने ऊरही भरून आला होता.

सार्जंटचं हसू केव्हाच मावळलं होतं. "कुणी शिकवलं हिला?"

"मी. सगळ्यांनाच शिकवलं," बाई म्हणाल्या.

त्याने सेलोला गाडीचं मागचं दार उघडायला लावलं. सेलो हळूच आमच्या भाषेत पुटपुटला, "काय केलंत हे, बाई? निघालाच होता ना तो! अजून मिनिटभर गप्प बसला असतात तर क्लब वाचला असता."

"अजून मिनिटभर गप्प बसले असते, तर पोरांना त्याचं बोलणं खरं वाटलं असतं."

 सेलोने आधाराला हात पुढे केला. बाईंनी स्कर्टवरची माती झटकली आणि त्याचा हात न धरता त्या गाडीत चढल्या.