एकविसावा ग्रँड स्लॅम

"तुम्हीच ना ते? लायल स्कोगनला एकविसावा देणारे?"

ऑरव्हिल टेश तळघरातल्या घोट्याएवढ्या पाण्यात ओणवा होता. पंपाच्या तोंडात अडकलेली चिंधी त्याने ओढून काढली, बादलीत टाकली आणि म्हणाला, "हो, मीच. वरचं बटण दाबा आता."

पंप घरघरला, पाणी हलू लागलं. घरमालक जिन्यावर उभा होता. बत्तीस-तेहतीसचा असेल.

"आमचे आजोबा होते त्या दिवशी मैदानात. म्हणायचे, बॉल रेल्वेच्या डब्यात पडला तो थेट ओमाहा शहरात उतरला!"

ऑरव्हिल हसला. त्याला हसावंच लागे. सदतीस वर्षांत तो बॉल कधी नदीपलीकडे पडला होता, कधी पाद्रीबाबांच्या सूपमध्ये. मार्बल क्रीकमध्ये अर्ध्या घरांचे पंप त्याने दुरुस्त केले होते, पण गावाला तो माहीत होता तो तरुणपणी बेसबॉलमध्ये टाकलेल्या एका बॉलसाठी.

संध्याकाळी घरी आला तेव्हा बायको, डोरीन, फोनजवळच उभी होती. "जॅनिसचा फोन होता. लायलची मुलगी. म्हातारा आता फार दिवस काढत नाही म्हणे. तुला भेटायचंय त्याला."

"मला?"

"तुलाच. मीही येते. तू एकटा गेलास तर दारातूनच परत येशील."

रविवारी दोघं निघाली. दोन तासांची वाट. दोन्ही बाजूंना मका कापून झाला होता. डोरीन मांडीवर घरी भाजलेला ॲपल-पाय सांभाळत बसली होती आणि ऑरव्हिलला, नको म्हणत असताना, ती दुपार आठवत होती.

एकोणीसशे एकसष्टचा सप्टेंबर. हंगामाचा शेवटचा सामना. लायल स्कोगन एकोणचाळीस वर्षांचा. सतरा वर्षं त्याच छोट्या लीगमध्ये, बसने गावोगाव हिंडत खेळलेला. वरच्या लीगचं बोलावणं त्याला एकदाही आलं नव्हतं. त्याच्याकडे होते ते फक्त ग्रँड स्लॅम, तिन्ही बेसवर आपले गडी उभे असताना मैदानाबाहेर मारलेले होमरन, एका फटक्यात चार धावा. असे वीस. लीगमध्ये तेवढे आणखी एकाचेच होते, आणि तो कधीच वारला होता. लायल त्या सामन्यानंतर खेळ सोडणार होता. त्याची बायको आदल्या हिवाळ्यात वारली होती, आणि नऊ वर्षांची जॅनिस पहिल्या रांगेत बापाची जुनी टोपी घालून बसली होती.

ऑरव्हिल तेव्हा तेवीसचा, समोरच्या संघाचा पिचर, बॉल टाकणारा. त्याला पाहायला त्या दिवशी वरच्या लीगमधला एक माणूस वही घेऊन आला होता. ऑरव्हिलचा संघ नऊ धावांनी पुढे होता. तिन्ही बेस भरले आणि लायल बॅट घेऊन आला. दोन बॉल तो असा चुकला, की बघणाऱ्यालाच शरम वाटावी. मनगटात काही उरलंच नव्हतं. तिसराही चुकला तर तो बाद.

लायलच्या मागे बसलेल्या, ऑरव्हिलच्याच संघातल्या कॅचर गसने खूण केली : खाली, बाहेरच्या कडेला. ऑरव्हिलने मान हलवून नकार दिला. चार धावांनी काय बिघडणार होतं? त्याने हात सैल सोडला आणि बॉल छातीच्या उंचीला, मधोमध, सरळ टाकला. लहान मुलाला टाकावा तसा.

पुढच्याच आठवड्यात संघाने त्याला घरी पाठवलं. त्या एका बॉलमुळे की आणखी कशामुळे, ते त्याला कोणी सांगितलं नाही. त्याने कोणाला विचारलंही नाही. डोरीन त्याच्या आयुष्यात दोन वर्षांनी आली, आणि तिलाही त्याने कधी काही सांगितलं नाही.

जॅनिसने दार उघडलं. लायलची खाट बैठकीतच मांडली होती. एवढा थोरला माणूस, आता पांघरुणाखाली जेमतेम दिसत होता. नाकात नळी होती.

"ये रे ये," तो म्हणाला. "म्हातारा झालास की तू!"

"तू मात्र आहेस तसाच आहेस," ऑरव्हिल म्हणाला.

"खोटारड्या!" लायलला हसताना खोकला आला. जॅनिसने पाणी पाजलं. मग तो म्हणाला, "गस भेटला होता मला. एप्रिलमध्ये. जरा घेतलेली होती त्याने."

ऑरव्हिलने खुर्ची खाटेजवळ ओढली.

"तो म्हणाला, तू तो बॉल मला दिलास. मुद्दाम." लायल छताकडे बघत बोलत होता. "एप्रिलपासून झोप नाही मला. वीस माझे आहेत, ठाऊक आहे. मागचा प्रत्येक मला आठवतो. एकविसावा कोणाचा रे, ऑरव्हिल? खरं सांग. मरणाऱ्या माणसाला फसवू नये."

जॅनिस खाटेच्या पायाशी थिजून उभी होती. डोरीनच्या हातात ॲपल-पाय कापायची सुरी तशीच राहिली.

"गसला काय अक्कल आहे?" ऑरव्हिल म्हणाला. "त्याने बाहेरचा मागितला होता, मी ऐकलं नाही, याचा राग आहे त्याला अजून. मला वाटलं, तू दमलायस, आत वेगात टाकावा. होता नव्हता तेवढा जोर लावून टाकला मी. गुडघ्याशी."

"मला तर छातीशी वाटला."

"तुला वाटला. तू वाकलास, लायल. इतका खाली वाकलास, की मला वाटलं गडी पडतोय. आणि उचललास. त्याहून चांगला बॉल मी जन्मात टाकला नाही."

लायलने मान त्याच्याकडे वळवली. मग त्याचा चेहरा हळूहळू सैल झाला. त्याने डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले.

"वाकलो होतो का मी?"

"बापरे, म्हणजे काय!"

"पप्पा, मी पाहिलं होतं," जॅनिस म्हणाली. "वाकला होतात तुम्ही."

लायलने हात पुढे केला. ऑरव्हिलने तो धरला. आता लायललाच त्याची कीव आली असावी. मायेने, समजूत घालत तो म्हणाला, "मनाला लावून घेऊ नकोस हो. तुझ्या हातात वर जायचा दमच नव्हता. मला पहिल्या दिवशीच दिसलं होतं. काहींच्यात असतो, काहींच्यात नसतो. त्यात तुझा दोष नाही."

"नाही," ऑरव्हिल म्हणाला. "नव्हताच दम."

सगळ्यांनी ॲपल-पाय खाल्ला. लायलनेही दोन चमचे खाल्ले. "आठवड्यात पहिल्यांदाच खाल्लं त्यांनी," दारापर्यंत सोडायला आलेली जॅनिस म्हणाली.

परतताना वीसेक मैल मागे पडले. मग डोरीन म्हणाली, "माझ्या भावाशी भांडले होते मी, आपल्या लग्नात. तो काहीबाही बोलला तुझ्याबद्दल. मी म्हटलं, त्या दिवशी त्याचा खांदा दुखत असणार. नाहीतर असा बॉल टाकणारा माणूस नाही तो." तिने त्याच्याकडे पाहिलं. "दुखत होता का रे?"

"नाही."

"म्हणजे तोच तुझा सगळ्यात चांगला बॉल?"

सांगावंसं वाटलं त्याला. अगदी आतून वाटलं. पण डोरीन आणि जॅनिस आता फोनवर बोलणार होत्या, आणि लायल अजून जिवंत होता.

"तोच," तो म्हणाला.

डोरीनने खिडकीबाहेर पाहिलं. मग त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि थोपटलं, नापास होऊन आलेल्या पोराला थोपटावं तसं.

अकरा दिवसांनी लायल गेला. पेपरात चार ओळी आल्या. एकवीस ग्रँड स्लॅम, लीगचा विक्रम. लीगच बंद पडलेली, त्यामुळे तो आता कोणी मोडूही शकणार नाही. शेवटी, तो बॉल टाकणारा म्हणून, ऑरव्हिलचं नाव.

आता सांगायला हरकत नव्हती. त्या रात्री जेवताना त्याने दोनदा तोंड उघडलं. पहिल्यांदा डोरीनने बटाटे पुढे केले. दुसऱ्यांदा त्याला जॅनिस आठवली, खाटेच्या पायाशी उभी, पाहिलं होतं म्हणणारी. त्याने मीठ मागितलं.

अंत्यविधीच्या सकाळी डोरीन त्याचा काळा कोट झटकत म्हणाली, "जायलाच हवं का? लोक परत तेच तेच बोलतील."

"जायला हवं."

तिने त्याचा टाय नीट केला, गाठ वर सरकवली, थोडी मागे होऊन पाहिलं. "मग मान ताठ ठेव," ती हळूच म्हणाली. "त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. सगळ्यांनाच कुठे जमतं?"

"बरं," ऑरव्हिल म्हणाला आणि तिच्यासाठी दार धरून उभा राहिला.