हवा काढताना

“दाब.”

“दाबलं,” ड्रायव्हरच्या सीटवरून आई म्हणाली.

मागचं चाक काढून तिथं आडवे झालेल्या बाबांनी ब्रेकचं निपल सैल केलं. त्याला लावलेल्या नळीतून बाटलीत ब्रेक ऑइलची चिळकांडी उडायला हवी होती. दोन थेंब आले, तेही उपकार केल्यासारखे.

“सोड.”

“सोडलं.”

“मास्टर सिलिंडरच गेलाय,” बाबा म्हणाले आणि पेडलच्या दाबानं ऑइल ढकलणारा, सकाळीच बसवलेला तो सिलिंडर पुन्हा उघडायला बसले.

पस्तीस वर्षं बाबांनी बस डेपोत फक्त ब्रेकचं काम केलं. घरच्या जुन्या गाडीचे ब्रेकही ते अंगणातच खोलत आणि त्यांतली हवा काढायला पेडलवर आई बसे. तिच्या तोंडून ‘दाबलं’ आल्याशिवाय ते पाना हलवत नसत. मला एकदा बसवलं होतं, पाच मिनिटांत हाकललं. “तुझ्या आईसारखा पाय कुणाचा नाही,” असं ते म्हणत. त्यांच्या तोंडून याहून मोठं कौतुक मी ऐकलेलं नाही.

आता आई माझं नाव विसरते. गेल्या महिन्यात गॅस चालू ठेवून घराबाहेर पडली, ती संध्याकाळी हायवेच्या कडेला सापडली. दादानं अशा विसरणाऱ्या माणसांना सांभाळणाऱ्या एका संस्थेत तिची सोय केली. बाबा भांडले, दोन दिवस जेवले नाहीत, शेवटी म्हणाले, “त्यांची गाडी माझ्या दारात यायची नाही. मी स्वतः नेईन तिला. ब्रेक झाले की लगेच.”

त्याला आज नववा दिवस होता. संस्थेचे फोन मला येत होते.

सिलिंडर जोडून झाला. पुन्हा “दाब”, पुन्हा “दाबलं”. मी आईला पाणी द्यायला गेले आणि गाडीच्या दाराशीच थबकले. तिचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, नजर समोर. पाय मात्र सीटखाली ओढून घेतलेले.

उत्तर तिला पाठ होतं, पायाला काहीच आठवत नव्हतं. बाबांना हे कळलं तर ते खचतील, असं वाटलं. मी गुपचूप उघड्या दाराशी उकिडवी बसले आणि पुढच्या ‘दाब’ला दोन्ही हातांनी पेडल दाबून धरलं.

बाटलीत बुडबुडे उठले. बाबांनी निपल जरा उशिरानंच आवळलं. मग म्हणाले, “सोड.” तासाभरात चारही चाकांचे ब्रेक झाले. पेडल दगडासारखं कडक लागायला लागलं. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

बाबा गाडीखालून बाहेर आले. माझ्या काळ्या झालेल्या तळव्यांकडे बघत राहिले.

“बाबा, तिचा पाय...”

“पहिल्याच दिवशी कळलं मला. पस्तीस वर्षं डेपोत काय गवत उपटत होतो?” त्यांचा आवाज चढला नव्हता, त्याचंच वाईट वाटलं. “सिलिंडरला काही झालेलं नाही. ब्रेक होत नव्हते तेवढे दिवस ती घरी राहिली असती.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“अहो, झाली ना गाडी?” आईनं खिडकीतून डोकं काढून विचारलं. किती दिवसांनी ती एवढी खुशीत होती. “मग कुठं जायचंय आपल्याला?”

बाबांनी फडक्याला हात पुसले. पुन्हा पुसले.

“लांब नाही,” ते म्हणाले आणि चाकं चढवायला बसले.