आषाढात मिटलेली भेग

त्र्याऐंशी सालच्या आषाढात पेडगावात लिंबाजीच्या नव्या घरापुढं माणूस मावत नव्हतं. वैशाखात त्याच्या भिंतीला चार बोटं शिरतील अशी भेग पडली होती, आणि आता तिथं नखसुद्धा शिरत नव्हतं! बायका भिंतीला हळदकुंकू लावत होत्या. समोर पाटावर भिंतीवाले महाराज डोळे मिटून बसलेले. "भेग बंधाय, दगड बंधाय, करणी बंधाय स्वाहा!" असं म्हणून ते भिंतीवर फुंकर मारायचे. शेजारी बन्सीधर गुत्तेदार हात जोडून उभा. घर बांधलं ते त्यानंच, आणि महाराजांना फटफटीवर बसवून आणलं तेही त्यानंच.

"माझ्या कामात खोट न्हाई," तो ज्याला त्याला सांगत होता. "पाया खांदतानी इधवेची सावली पडली, म्हणून वास्तू कोपली. दोष घराबाहेर गेला, भेग मिटली."

हा दोष म्हणजे लिंबाजीची थोरली बहीण, तानुबाई. आई लवकर गेल्यावर तिनंच त्याला कडेवर वाढवलं होतं, आणि नवरा वारल्यावर ती भावाकडं राहायला आली होती. भेग पडली तेव्हा महाराजांनी आषाढाचा मुहूर्त दिला आणि अट घातली, ही बाई घरात नको. लिंबाजीनं तिचं गाठोडं एसटीत ठेवलं आणि तिला ताडकळसला चुलत्याच्या गोठ्यात नेऊन सोडलं. आज भेग मिटलेली बघून त्याला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं याचीच मनातून लाज वाटली. पण भेग तर डोळ्यांदेखत मिटली होती, मग बोलणार काय?

पुढच्या चैत्रात ती त्याच जागी परत उघडली. वैशाखात पाच बोटं शिरू लागली.

बन्सीधरकडं कारण तयार होतं. "तिचं जातं अजून घरात हाय न्हवं? दोष त्यात बसलाय. ते तेवढं बाहेर काढा, मग आषाढात महाराजाला आणतो."

लिंबाजीनं जातं पोत्यात घातलं आणि ताडकळस गाठलं. तानुबाई दुसऱ्याच्या रानात मजुरीनं कापसाच्या पऱ्हाट्या उपटत होती. पोतं बघून ती काय ते समजली.

"भेग परत पडली?"

"व्हय, आक्का."

"म्या तर वरीस झालं तिथं न्हाई."

तिनं पायाखालच्या जमिनीकडं बोट केलं. काळं रान जागोजागी उललं होतं, कुठं कुठं अख्खा हात जाईल इतकं. "ह्या रानात कोणती रांडमुंड येऊन गेली रे, येवढं उललंय ते?"

"आसं कामून बोलायलीस, आक्का? काळी माती हाय. उन्हाळ्यात उलायचीच."

"अन् मिटती कवा?"

"पाऊस मुरला की. आषा..." लिंबाजीचा शब्द तोंडातच अडकला. जन्म या मातीत गेला होता त्याचा. पोर असल्यापासून दर साली या भेगा उघडताना आणि मिटताना बघितल्या होत्या. तीच माती घराखाली होती, आणि तिथं मात्र त्याला करणी दिसली!

"बन्सीधरनं एकच कोपरा टणक मुरमापतुर खांदला, अन् तुला तेवढाच दाखिवला," तानुबाई म्हणाली. "म्या पायाच्या चरात उतरून बघितलं. बाकीचे कोपरे उथळ कामून, म्हणून इचारलं. तू म्हणलास, बायामाणसानं मधी बोलू न्हाई. त्यानं मातर ध्यानात ठिवलं, अन् भेग पडल्यावर दोष माझ्यावर घातला."

लिंबाजीला मान वर करवेना. ते जड जातं त्यानं पुन्हा खांद्यावर घेतलं आणि घरी नेऊन होतं तिथं ठेवलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं पहार घेतली आणि भिंतीलगत खांदायला लागला. गाव जमलं. "महाराजाचा कोप व्हईल, लिंबाजी!" कुणीतरी ओरडलं. दीड हातावर पाया संपला. खाली नुसती काळी माती. एका कोपऱ्यात तेवढे दगड चार हात खाली, मुरमावर टेकलेले. तो कोपरा जागचा हलत नव्हता, आणि बाकी घर मातीबरोबर पावसाळ्यात वर उचललं जायचं, उन्हाळ्यात खाली बसायचं. भेग होती ती त्या कोपऱ्यालगतच.

लिंबाजी खड्ड्यातूनच बोलला. "बघा. महाराजाच्या मंतरानं न्हाई, पावसानं मिटली व्हती. म्हणून तर त्यानं वैशाख सोडून आषाढ धरला. आपुन समदे शेतकरी. रानात जे कळतंय ते घरात कामून कळू न्हाई? भिंत फाटली तर आधी पाया उकरून बघा, बाईमाणसाला घराबाहेर काढू नका. म्या काढलं. ज्या बहिणीनं कडेवर वाढिवलं, तिला गोठ्यात नेऊन सोडलं. ही लाज मला जन्मभर पुरंल."

हळदकुंकू लावून गेलेल्या बाया पदर सारखा करत पांगल्या. बन्सीधरची फटफटी त्यानंतर गावात दिसली नाही.

भिंती उतरवून नवा चर खांदला, तेव्हा लिंबाजी तानुबाईला घेऊन आला. "पहिला दगड तुझ्या हातानं, आक्का."

"दगड ठिवीन. आधी चारी कोपरे बघू दे."

सगळ्यांसमोर ती चरात उतरली आणि एकेका कोपऱ्यात पहार मारत गेली. तीन कोपऱ्यांत पहार टणक मुरमावर आदळली. चौथ्यात ती मऊ मातीत रुतली.

"अजून खांद," तानुबाई म्हणाली.

लिंबाजी खाली उतरला आणि खांदू लागला.