कानटोपीतला बर्फ

बाई अकराला येणार होत्या आणि मी सातपासून घर डोक्यावर घेतलं होतं. शिवणयंत्र कोपऱ्यात ढकललं, चिंध्यांची पिशवी पलंगाखाली कोंबली, टेबल पुसून पुसून लख्ख केलं. नवरा कामावर निघताना म्हणाला, "अगं, त्या पोरीला बघायला येतायत, टेबलाला नाही."

"तुला काय जातंय बोलायला!" मी फटकन म्हटलं. "सोमवारी तिला परत शाळेत सोडायची वेळ आली तर तू सोडणार आहेस?"

तो बूट घालून गेला.

आमची लेक सहा वर्षांची. घरात दिवसभर गुणगुण, बडबड, प्रश्नांवर प्रश्न, म्हणून तिला भुंगी म्हणतो. पण अनोळखी माणूस दिसला की तोंडात मिठाची गुळणी. शाळेत अडीच महिने गेली, तेवढ्या काळात एक शब्द बोलली नाही. बाथरूमला जायचंय, एवढंसुद्धा तिला सांगता यायचं नाही. ओल्या कपड्यांत घरी यायची आणि माझ्याकडे न बघता आत जायची. तिचे ते मोजे धुताना मला रडू यायचं आणि रागही यायचा. कुणाचा, ते विचारू नका.

शेवटी घरी शिकवायची परवानगी मागितली. मिळाली, पण शिक्षण खात्याच्या बाई दोनदा घरी येऊन बघणार या अटीवर. पहिल्या खेपेला भुंगी पडद्यामागे जाऊन उभी राहिली ती बाई जाईपर्यंत. 'अनोळखी माणसांशी बोलते' या ओळीपुढे बाईंनी फुली मारली, मला दिसेल अशी. आज दुसरी खेप. आज पुन्हा फुली पडली की परवानगी संपली.

तसा आमचा अभ्यास काही कमी नव्हता. ही अख्खी थंडी आम्ही कारणी लावली होती. खिडकीच्या काचेवरची बर्फाची नक्षी भिंगातून बघून काढली होती. धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या लावून बेरजा केल्या होत्या. समोरच्या निष्पर्ण झाडावर किती पाखरं येतात त्याचा तक्ता भिंतीवर होता, आणि रोज सकाळी तापमापक वाचून एक चौकोन रंगवायचा, असा दुसरा.

पण माझी सगळी भिस्त बर्फावर होती. दोन सारखे खडे घ्यायचे. एक ताटलीत उघडा, दुसरा भुंगीच्या जुन्या कानटोपीत गुंडाळलेला. आधी कुठला वितळेल? पहिल्यांदा भुंगी ठामपणे म्हणाली होती, "टोपीतला! टोपी गरम असते ना!" आणि उघडा आधी वितळला तेव्हा कमरेवर हात ठेवून उभीच राहिली. हाच प्रयोग बाईंसमोर करायचा आणि तिनं एकच वाक्य म्हणायचं, एवढं मी ठरवलं. सात वेळा प्रयोग केला आणि सातही वेळा घोकून घेतलं: "लोकर गरम करत नाही, बाहेरची ऊब आत येऊ देत नाही." झोपेतून उठवून विचारलं तरी म्हणेल, इतकं पक्कं.

बाई बरोबर अकराला आल्या. उंच, पातळ ओठांच्या, हातात तीच फाइल. भुंगी पडद्याकडे सरकली. मी तिचा हात धरला तर तो त्या बर्फापेक्षा गार.

चकचकीत टेबलावर मी वह्या मांडल्या होत्या. म्हणून बर्फाच्या दोन्ही ताटल्या खिडकीच्या लांब कठड्यावर ठेवल्या, या टोकाला एक, त्या टोकाला एक. बाई खिडकीशी खुर्ची ओढून बसल्या आणि वह्या चाळू लागल्या. चांगलं म्हणाल्या नाहीत, वाईटही नाहीत. भुंगीला दोन प्रश्न विचारले. भुंगी जमिनीकडे बघत राहिली. बाईंचं पेन त्या ओळीवर येऊन थांबलं.

"बाई, प्रयोग झाला असेल," मी घाईघाईनं म्हटलं. "भुंगी, दाखव ना! उघड टोपी."

ती भिंतीला घासत कठड्यापर्यंत गेली. टोपी उचलली तर तिच्यातून पाणी गळलं. आत बर्फ नाहीच. आणि उघडा खडा? दिमाखात बसलेला, फक्त कडा थोड्या झिजलेल्या.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. सात वेळा जमलं आणि आज, नेमकं आजच!

"काय झालं गं?" बाईंनी विचारलं.

भुंगी ओल्या टोपीकडे बघत होती. मी तिला डोळ्यांनी खुणावलं. बोल, तेच बोल. आणि मग न राहवून सुरुवातही करून दिली, "लोकर गरम करत…"

"तुम्ही नका बोलू," बाई म्हणाल्या.

भुंगीचे ओठ घट्ट मिटलेले, शाळेच्या दारात असायचे तसे. संपलं सगळं, असं मला वाटलं. सोमवारी कुठले कपडे घालायचे, जास्तीचे किती द्यायचे, इथपर्यंत माझं डोकं जाऊन पोचलं.

भुंगीनं टोपी खाली ठेवली. ताटलीखाली हात घातला. मग कठड्यावरून तळवा सरकवत त्या टोकाला गेली. खिडकीच्या फटीपाशी बोटं धरली. परत आली, वाकून कठड्याखाली बघितलं. तिथं हीटर होता. निम्म्या कठड्याखाली हीटर, निम्म्यावर फटीतला वारा. एरवी आमच्या ताटल्या टेबलावर शेजारी शेजारी असायच्या. टेबल मिरवायच्या नादात मी बावळटानं टोपी नेऊन हीटरवर ठेवली होती.

भुंगी सरळ झाली. कमरेवर हात.

"आई, तू चुकलीस."

मोठ्यानं, स्पष्ट. परक्या बाईसमोर.

"कुठं?" बाईंनी विचारलं, पण फार हळू.

"हिनं टोपी हीटरवर ठेवली. दोघांना सारखीच जागा पाहिजे." मग भुंगी बाईंकडे वळली. "आणि तुमच्या पायांनी पण हीटरची हवा अडते. परत करायला लागेल."

"मला बाराला दुसरीकडे जायचंय गं."

"अर्धा तास लागतो. मध्ये उठलात तर कळणार नाही."

बाई माझ्याकडे बघायला लागल्या. मला तर बोलायची बंदी होती. त्यांनी कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि खुर्ची मागे घेतली. भुंगीनं माझ्या वह्या ढकलून टेबलावर जागा केली, फ्रीजरमधून नवे खडे आणले. पाणी टेबलभर. मी फडकं आणायलासुद्धा उठले नाही.

दहा मिनिटांनी ती पाय आवळून उभी राहिलेली दिसली. मी उठणार तोच ती बाईंसमोर जाऊन थांबली.

"मला बाथरूमला जायचंय," ती त्यांना म्हणाली. "मी येईपर्यंत हात लावायचा नाही."

बाईंनी पेनाला टोपण लावलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"नाही लावत," त्या म्हणाल्या. "जाऊन ये."