तुरीच्या दाण्याने वाकलेली सुई

मी एक जुनी सुई आहे. कपडे शिवायची नव्हे, मणी ओवायची. माझी कंबर जरा वाकडी आहे आणि नेढं इतकं बारीक, की दोरा घालताना अनेकांनी माझ्या नावाने बोटं मोडली आहेत. मला त्याचं काही वाटत नाही. मित्रांनो, सुईने फार मनाला लावून घेऊ नये.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते ठाऊक नाही. तारेचा तुकडा, आच, घासणं आणि मग काळ्या कागदाची पुडी, एवढंच आठवतं. पुडीत आम्ही बारा बहिणी होतो. सन छप्पनमध्ये, आपला यवतमाळ जिल्हा मुंबई राज्यात गेला त्याच्या आगेमागे, आर्णीच्या आठवडी बाजारात कोकिळा नावाच्या बाईने मला एकटीला निवडून घेतलं. दुकानदार म्हणाला, "हिच्यातून दोरा जाईन का, बाई?" कोकिळा म्हणाली, "दोरा मी घालीन. बारीक मणी हिच्यावरून जातेत का, ते पाहाचं हाय."

मणी गेले. मी तिच्या घरी आले.

तिचं गाव आर्णीपासून कोसभर. नवरा पुंडलिकराव, घरची कापूस-तुरीची शेती. दिवसभर काम पुरून उरायचं, पण दुपारची भांडी घासून झाली की कोकिळा चहाचा जुना डबा उघडायची आणि पितळी ताटात मणी ओतायची. ती एका प्रकारावर कधी थांबली नाही. साधा सर झाला की तीन पदरी माळ, ती जमली की फुलाची. मण्यांनी मन भरलं की गुंजा, मग खरबुजाच्या बिया. एकदा तिने तुरीचे दाणे ओवायचं ठरवलं. भिजवलेला दाणा फुटला. कोरड्याला भोक पाडायला गेली, तेव्हा दाणा तसाच राहिला आणि मी वाकले.

तिची सासू भागीरथाबाई ओसरीवरून पाहत होती. म्हणाली, "तुरीची डाळ करतेत, कोकिळे. माळ नाई करत."

भागीरथाबाईला हा सगळा रिकामा उद्योग वाटायचा. पण माझ्याबाबतीत तिचे दोन नियम पक्के होते. सुई कुणाच्या हातात द्यायची नाही, भांडण होतं. जमिनीवर ठेवायची, घेणाऱ्याने उचलायची. आणि दिवेलागण झाली की सुई घराबाहेर द्यायची नाही, लक्ष्मी जाते. पंचक्रोशीत सगळेच हे पाळत.

नाल्यापलीकडे बंजाऱ्यांचा तांडा होता. त्यांचे आजे-पणजे बैलांवर माल लादून मुलूखभर हिंडले. आता तेही शेतकरीच. तिथली रुपीबाई एकदा बाजारातून परतताना पाणी प्यायला थांबली. तिच्या गळ्यात मण्यांच्या जाळीचा पट्टा होता. कोकिळा तांब्या हातात धरून त्या पट्ट्याकडेच पाहत राहिली. शेवटी रुपीबाई म्हणाली, "बाई, पाणी देतं का? मंग शिकवतो."

तीन मणी सोडायचे, चौथ्यात शिरायचं, वळायचं. रुपीबाईने मला हातात घेतलं, निरखलं आणि म्हणाली, "वाकडी हाय म्हून बरी. जाळीत लवकर वळते." माझं असं कौतुक त्याआधी कुणी केलं नव्हतं आणि नंतरही फारसं झालं नाही. जाताना ती कोकिळेला म्हणाली, "दर ओळीले गाठ मारजो. इसरू नको."

एकोणसाठ साली रुपीबाईच्या लेकीचं, लालीचं, लग्न ठरलं. "लग्नाचा पट्टा मी देतो," असं कोकिळा बोलून बसली. लालीनेही ते सगळ्या तांड्याला सांगितलं. दोन महिने आम्ही दोघी त्या पट्ट्यामागे होतो. पण गाठी मागून टोचतात, दिसतातही. कोकिळेला नवी युक्ती सुचली: अख्खा पट्टा एकाच दोऱ्यात ओवायचा, मध्ये गाठच नाही. चार बोटं रुंद पट्टा असा गुळगुळीत झाला, की शेजारणी पाहून गेल्या. भागीरथाबाईनेही दोनदा पाहिलं. गाठ नाही हे मला माहीत होतं, पण सुईला कोण विचारतो?

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी लालीचा बाप फकिरा बैलगाडी घेऊन दारात आला. तो आत आला नाही.

"पट्टा दाराच्या कडीत अटकला, बाई. एक जागी दोरा तुटला अन् सारी जाळी उसवली. पोरगी रडून राह्यली. सुई द्या म्हणते रुपी. आमच्या सुया जाड्या, मण्यात जात नाई."

कोकिळेने मला डब्यातून काढलं. तेवढ्यात ओसरीवरून भागीरथाबाई म्हणाली, "दिवा लागला. आता सुई घराबाहेर देता येत नाई."

फकिराला नियम ठाऊक होता. त्याने वाद घातला नाही, मान हलवली आणि गाडीकडे वळला. कोकिळेच्या बोटांचा घाम मला लागत होता. ती म्हणाली, "आत्याबाई, चूक माही हाय. रुपीबाईनं सांगतलं होतं, गाठ मार म्हून. म्या नाई मारली."

भागीरथाबाई ओसरीवरून उठली.

"सुई देता येत नाई म्हणलं म्या. सुईवालीले कोणी अडवलं? पदराले खोव अन् चाल. मी बी येतो."

अशी मी पदराला टोचून तांड्यात गेले. निम्मे मणी धुळीत गेले होते. उरलेले भागीरथाबाईने रंगवार निवडले, रुपीबाईने दोऱ्याला मेण लावलं, कोकिळेने ओवलं. या वेळी दर ओळीला गाठ होती. बाया गाणी म्हणत होत्या. त्यांची गाणी संपायच्या आत पट्टा झाला. चार बोटांचा दोन बोटांचा झाला होता. लालीने तो तसाच गळ्यात घातला.

घरी आल्यावर कोकिळेने मला डब्यात टाकलं आणि डबा फळीवर ठेवला. "माह्या नादापायी पोरीचं लग्न नासलं असतं," एवढंच ती म्हणाली. त्यानंतर तिने मणी ओवणंच सोडलं. मधल्या काळात महाराष्ट्र झाला, गावात शाळेची नवी खोली झाली. मी हे फळीवरून ऐकलं. मला गंज चढला. गंज दुखत नाही. दुपारची भांडी घासल्याचा आवाज यायचा, पुढे डबा मात्र उघडत नसे. त्याचं मला वाईट वाटायचं, हे कबूल करते.

त्रेसष्टच्या दिवाळीत लाली माहेरी आली आणि आपली लहान लेक घेऊन कोकिळेला भेटायला आली. गळ्यात तोच दोन बोटांचा पट्टा. दोरा काळवंडला होता, मणी एकही कमी नव्हता.

"काकी, हिच्यासाठी बी एक करून दे."

"माह्या हातचं टिकत नाई, बाई."

लालीने पट्ट्यावर बोट ठेवलं. "मंग हे कोणाच्या हातचं हाय?"

कोकिळा चहा ठेवायला आत गेली. भागीरथाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली आणि तिने फळीवरचा डबा काढला. चुलीतल्या राखेने तिने मला घासलं, जवसाचं तेल लावलं. मग ती कोकिळेजवळ गेली. मला वाटलं, नेहमीसारखं जमिनीवर ठेवेल. तिने मला थेट कोकिळेच्या तळहातावर ठेवलं.

कोकिळा दचकली. "आत्याबाई, हातात सुई देल्ली तर भांडण होते."

"होते तर होऊ दे. तू ओवणं सोडल्यापासून या घरात भांडाले विषयच नाई राह्यला. ओव."

लालीच्या लेकीच्या पट्ट्यापासून कोकिळेने पुन्हा इतकं ओवलं, की आता माझं टोक बोथट झालं आहे आणि मला जास्त काही मागायचं नाही. मित्रांनो, सुई ओल्या फडक्यात ठेवू नका, तेलाचं बोट लावत जा. दर ओळीला गाठ मारा. आणि तुमच्या घरात कुणी आपला छंद फळीवर टाकून दिला असेल, तर त्याची सुई शोधून काढा. ती जमिनीवर ठेवू नका, हातात द्या. भांडण झालं तर होईल.