रंगाखालचा खांब

मी या घराच्या सज्ज्याखालचा खांब बोलतोय, आणि जरा घाईत बोलतोय. आम्ही चौघे भाऊ, एकाच झाडाचे. मी दाराजवळचा. घरातले आजोबा मला पाठ टेकून बूट चढवत, आजींनी माझ्याभोवती कुंड्या मांडल्या, आणि त्यांची नात वर सज्ज्यात दोरीच्या उड्या मारू लागली. धप्, धप्, धप्! सगळ्या माझ्या डोक्यावर. पूर्वी मला त्याची मजा वाटे.

आमच्या आजोबांना स्वच्छतेचं भारी वेड. एके दिवशी माझ्या माथ्यापाशी काळा भुंगा घोंगावत आला आणि त्यानं बोट जाईल एवढं गोल भोक पाडलं. खाली जाडसर भुसा पडला. झालं! आजोबांनी घर डोक्यावर घेतलं.

"हा मेला आपलं घर खाणार!" म्हणत त्यांनी शिडी लावली आणि भोक लांबीचा लगदा भरून बुजवलं. भुंग्यानं शेजारी दुसरं पाडलं.

त्याच दिवसांत माझ्या पायाशी पेन्सिलीएवढी मातीची रेघ उमटली. कुंड्यांच्या मातीतून वाळवी आली होती. तिला उजेड सोसत नाही, म्हणून ती मातीचा बोगदा बांधत चढते. आजोबांना रेघ दिसलीही.

"अगं, पाणी जरा जपून घाल की! खांबावर चिखल उडालाय बघ."

"माझ्या पाण्याला बरे पाय फुटलेत," आजी म्हणाल्या. "उडालेला चिखल असा सरळ रेषेत चढतो होय?"

बोलणं अगदी बरोबर होतं, पण त्यांना ते भांडणापुरतंच सुचलं. आजोबा रोज सकाळी ओल्या फडक्यानं रेघ पुसत. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा हजर. शेवटी कंटाळून त्यांनी मला चकचकीत हिरवा रंग फासला. "नवा खांब बसवलात वाटतं?" शेजाऱ्यांनी विचारलं, तेव्हा त्यांची छाती फुगली.

मी मात्र आतून पोकळ होत होतो. पोरगी शाळेतून आली की शंभर उड्या मारायची. मी एकेक मोजायचो. आज निभावलं, उद्याचं काय? भीतीनं माझा जीव अर्धा झाला होता, उरलेला अर्धा वाळवीनं नेला.

भुंगा हटेना, म्हणून आजोबांनी सुतारकाकांना बोलावलं. त्यांनी वर पाहिलं नि ते हसले.

"भुंगा लाकूड खात नाही हो, पोखरून घर करतो. गोल भोक नि जाड भुसा म्हणजे भुंगा. टाचणीएवढी भोकं नि पिठासारखी भुकटी म्हणजे लाकडातला किडा. त्यांचं बघू सावकाश. मातीची रेघ कुठे दिसली नाही ना?"

"दिसते की. मी रोज पुसतो," आजोबा अभिमानानं म्हणाले.

सुतारकाकांचं हसू मावळलं. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ते मला वरून खाली ठोकत आले. वर टणटण, खाली भद्द. त्यांनी टोक टेकवलं आणि ते मुठीपर्यंत माझ्यात गेलं. पांढुरक्या वाळवीची झुंबड बाहेर सांडली.

"वर कोण आहे?"

"नात."

"आधी तिला खाली घ्या!"

आजी ओरडल्या, "खाली ये गं!"

"सत्त्याऐंशी झाल्यात, आजी, थांब ना!"

"एकही मारू नकोस! हळू चालत ये!"

मी उरलंसुरलं बळ एकवटलं. एक पाऊल, दुसरं, तिसरं. मग ती जिन्यावरून उतरली. आजोबांनी तिला पोटाशी धरलं आणि ते ढसाढसा रडले.

आता मला लोखंडी टेकू लावलेत. उद्या मला काढतील. माझं काय, जगून झालं माझं. दोन भावांना सुतारकाकांनी ठोकून पाहिलं, ते ठणठणीत आहेत. कोपऱ्यातला चौथा वेलीआड आहे. "वेल काढून उद्या बघू," असं म्हणून ते गेले. आजोबा नातीला समजावतायत, "एकच खराब होता गं, टेकू लावलाय ना? आता भिऊ नकोस."

पण माझ्यातून पळालेली वाळवी मातीखालून कोपऱ्याकडेच गेली. माझ्या पायांना ते कळलं. मला हाक मारता येत नाही, तुम्हाला येते. त्या वेलीमागे एकदा ठोकून बघायला सांगा त्यांना. आणि तोवर पोरीला वर जाऊ देऊ नका.